पाक वस्त्र, निर्धोक वस्त्र



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दाराजवळ एक खुंटी असते. पूर्वी तिच्यावर टोपी, छत्री आणि बाजाराची पिशवी असे. २०२० पासून तिच्यावर मास्कही लटकू लागला. आमच्या घरी तो एकच होता. दूध आणायला निघालेला मुलगा तोच चढवी, रेशनच्या रांगेत जाणारे अब्बा तोच चढवीत, आणि दारात कोणी आले तर अम्मीही त्याचाच एक कोपरा नाकाशी धरीत. आठवड्यातून एकदा तो इतर कपड्यांबरोबर बादलीत पडे. आमच्या घरातून कोणी मास्कशिवाय बाहेर पडत नाही, याचे आम्हाला समाधान होते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये घरातील एकाला ताप आला आणि चार दिवसांत सहाही माणसे अंथरुणावर होती. त्या खुंटीनेच आजार फिरवला असे आम्ही म्हणणार नाही. एका छपराखाली राहणाऱ्यांपर्यंत आजार पोहोचायला वाटा पुष्कळ असतात. परंतु त्यांपैकी एक वाट आम्ही स्वतःच्या हाताने उघडी ठेवली होती, आणि तीही सावधगिरीच्या नावाने. अल्लाहच्या कृपेने आम्ही सर्व जण बरे झालो. सर्वांच्या वाट्याला ही कृपा आली नाही, हे आपण जाणता. ज्यांच्या घरून जनाजा निघाला आणि ज्यांना त्याला खांदा देण्याचीही मुभा मिळाली नाही, अशी घरे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. म्हणून हा विषय वरवर कितीही किरकोळ वाटला, तरी त्याला या पानांवर जागा द्यावीशी वाटली.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. एकदा वापरलेला मास्क पुन्हा वापरणे हा कंजूषपणा आहे काय? शासनाने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात मास्कच्या कमाल किंमती ठरवून दिल्या, तेव्हा तीनपदरी साध्या मास्कची किंमत ४ रुपये ठरली. सहा माणसांनी रोज एक वापरायचा म्हटले, तर महिन्याला १८० मास्क आणि ७२० रुपये होतात. ज्या घरात तेव्हा हातमाग थांबला होता किंवा रिक्षा दारात उभी होती, तेथे ७२० रुपये म्हणजे महिन्याचा गहू आणि तेल होते. अशा घराला ‘रोज नवा मास्क घ्या’ असे सांगणारा माणूस त्या घराची चूल पाहून बोलत नसतो. शिवाय ज्याची ऐपत आहे त्यालाही चांगली वस्तू एका दिवसात फेकण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न उरतोच. कुरआनने उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊबंद ठरवले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद पाण्यात, म्हणजे साधारण दोन्ही हातांच्या भरल्या ओंजळीएवढ्या पाण्यात, वुजू करीत. ते आपले पादत्राण स्वतः सांधीत आणि कपड्याला ठिगळ लावीत, असे हजरत आएशा (रजि.) यांनी सांगितले आहे. 

आणि ती शेळीची हकीकत तर आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. प्रेषितपत्नी हजरत मैमूना (रजि.) यांच्या एका मुक्त केलेल्या दासीला दानात शेळी मिळाली होती. ती मेली आणि टाकून देण्यात आली. प्रेषितांनी ती पाहिली आणि विचारले की, हिचे कातडे काढून, कमावून तुम्ही उपयोगात का आणले नाही? लोकांनी सांगितले की, ती तर मृत आहे. तेव्हा प्रेषितांनी खुलासा केला की, निषिद्ध आहे ते तिचे खाणे. म्हणजे टाकाऊ समजलेली वस्तूही उपयोगात आणावी. मात्र त्या हकीकतीतला ‘कमावून’ हा शब्द आपण नजरेआड करू नये. मेलेल्या जनावराचे कातडे तसेच्या तसे अंगावर घ्या, असे प्रेषितांनी सांगितले नाही. पुन्हा वापरण्याची मुभा आणि शुद्ध करण्याची अट या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्या घरांत स्वच्छतेची जाण कमी नाही. लहानपणापासून आपण पाक आणि नापाक यांचा भेद शिकतो. कपड्यावर नजासत पडली तर तो धुऊन पिळावा, किती वेळा धुवावा, हे आपल्या अम्मींना तोंडपाठ असते. देशावरील हनफी घरात तीन वेळा धुऊन पिळण्याची रीत आहे. कोकणातील शाफई घरात नजासतीचा अंश निघून गेला आणि वरून पाणी वाहिले की पुरते. परंतु याच शिकवणुकीमुळे एक गैरसमज घर करून बसला आहे. माणसाचा श्वास आणि लाळ या शरीयतच्या दृष्टीने नापाक नाहीत. तेव्हा दिवसभर वापरलेला मास्क पाकच असतो, त्याने नमाज होते, त्याला डाग दिसत नाही, वास येत नाही. मग धुवायचा कशासाठी, असे मनाला वाटते. येथेच आपली फसगत होते. पाक असणे ही एक गोष्ट आहे, डोळ्यांना स्वच्छ दिसणे ही दुसरी, आणि निर्धोक असणे ही तिसरी. नमाजला पहिली पुरते. शेजाऱ्याच्या जिवाला तिसरीच लागते.

आणि शेजाऱ्याच्या जिवाची काळजी हाही दीनचाच भाग आहे. शिंक आली असता प्रेषित (स.) हाताने अथवा वस्त्राने आपला चेहरा झाकीत आणि आवाज दबका ठेवीत. वस्त्राने तोंड झाकण्याची ही रीत चौदाशे वर्षांपूर्वीची आहे. आपण केवळ त्या वस्त्राला दोन बंद लावले.

मास्क शुद्ध कसा करावा, याचे एकच उत्तर नाही आणि ते असूही शकत नाही. फिकहमध्येही प्रत्येक वस्तूची रीत निराळी आहे. कपडा पाण्याने पाक होतो, कातडे कमावल्याने. कुत्र्याने तोंड लावलेले भांडे सात वेळा धुण्याचा आणि त्यांपैकी एकदा माती लावण्याचा आदेश आहे. पादत्राण जमिनीवर घासल्याने शुद्ध होते. हनफी मतानुसार आरसा, तलवार अशा गुळगुळीत वस्तू पुसल्याने पाक होतात आणि जमीन तर नुसती वाळल्याने नमाजयोग्य होते. हे नियम विषाणूंसाठी सांगितलेले नाहीत, आणि त्यांतून वैद्यकशास्त्र काढण्याचा अट्टहास आम्ही करणार नाही. तसले लेखन अलीकडे पुष्कळ होते आणि त्याने दीनचेही भले होत नाही व शास्त्राचेही. परंतु वस्तू पाहून रीत ठरवावी, ही शिस्त तेथून घेता येते. मास्क हाती घेतला की प्रथम विचारावे, हा कशाचा आहे?

सुती कापडाचा असेल तर काम सोपे आहे. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते, आणि साबण ते विरघळवतो. भांड्याचा तेलकटपणा ज्या कारणाने जातो त्याच कारणाने विषाणूही निकामी होतो. त्यासाठी महागडे द्रावण लागत नाही, कपड्यांचा साबण पुरतो. भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २०२० मध्ये घरगुती मास्कविषयी एक पुस्तिका काढली. तिच्यात सांगितले आहे की, मास्क साबण आणि गरम पाण्याने नीट धुऊन कडक उन्हात निदान ५ तास वाळवावा. अथवा कुकरमध्ये पाण्यात थोडे मीठ घालून निदान १० मिनिटे उकळावा. कुकर नसेल तर साध्या पातेल्यात १५ मिनिटे. पावसाळ्यात आपल्या रत्नागिरी-रायगडच्या भगिनी विचारतील की, ऊन आणायचे कोठून? त्यांच्यासाठी तिसरा मार्ग आहे: साबणाने धुऊन, वाळवून, त्यावर पाच मिनिटांपर्यंत गरम इस्त्री फिरवावी. कानाच्या रबरी बंदांवर इस्त्री नेऊ नये, ते वितळतात. पूर्ण वाळल्याशिवाय मास्क घालू नये, हे मात्र पावसाळ्यात विशेष सांभाळावे. ओला मास्क श्वास नीट येऊ देत नाही, त्याला बुरशी लागते, आणि माणूस गुदमरून तो नाकाखाली ओढतो.

धुणे रोजचे असावे, आठवड्याचे नव्हे. म्हणून माणशी निदान दोन मास्क हवेत. जुन्या सुती ओढणीतून किंवा लुंगीतून तीन पदरांचे मास्क घरीच शिवता येतात. प्रत्येकाच्या मास्कवर निराळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घालावा, म्हणजे अदलाबदल होत नाही. महिन्या-दीड महिन्याने तो दिव्यासमोर धरून पाहावा. प्रकाश सरळ पलीकडे येऊ लागला असेल, अथवा बंद सैल पडून गालाशी फट राहत असेल, तर त्याने आपली सेवा पूर्ण केली असे समजावे.

दुसरा प्रकार निळ्या-पांढऱ्या तीनपदरी मास्कचा. तो कापडासारखा दिसतो, पण विणलेला नसतो. त्याच्या मधल्या पदरात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म तंतू असतात आणि त्यांच्यावर स्थिर विद्युतभार असतो. कंगवा केसांवरून फिरवून कागदाच्या कपट्याजवळ नेला की कपटा उडी मारून चिकटतो, तसे हे तंतू बारीक कणांना ओढून धरतात. साबणाच्या पाण्याने अथवा सॅनिटायझरमधील अल्कोहोलने तो भार निघून जातो. मास्क धुतल्यावर पूर्वीइतकाच, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक स्वच्छ दिसतो, परंतु त्याची पकड गेलेली असते. हा मास्क एकदाच वापरण्यासाठी केलेला आहे. तो धुवू नये. ज्याला धुऊन वापरायचे आहे त्याने कापडाचाच घ्यावा, तो स्वस्तही पडतो.

एन-९५ मास्कचेही तसेच आहे. त्याच्यावर सॅनिटायझरचा फवारा मारणे, त्याला उकळणे, इस्त्री करणे, यांपैकी काहीही करू नये. काही जण तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवतात. नाकावरच्या धातूच्या पट्टीमुळे त्यात ठिणग्या उडून आग लागू शकते. मग तो शुद्ध कशाने होतो? काळाने. विषाणू कशावर किती वेळ तग धरतो, याचे प्रयोग २०२० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाले. प्लास्टिकवर तो तीन दिवसांपर्यंत जिवंत आढळला. टंचाईच्या दिवसांत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी यावरून एक रीत सुचवली: पाच मास्क घ्यावेत, रोज एक वापरावा, उतरल्यावर हवा खेळेल अशा कागदी पिशवीत ठेवावा, आणि त्याची पाळी पाच दिवसांनी यावी. एक मास्क पाचपेक्षा अधिक वेळा चढवू नये, अशी मर्यादाही घातली. घरी हे सहज साधते. किराणा दुकानातील पाच कागदी पुड्यांवर जुमेरातपर्यंत किंवा जुम्यापर्यंतची वारांची नावे लिहावीत, बस्स. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नये, आत ओल कोंडते. ज्या मास्कने आजारी माणसाची शुश्रूषा केली, जो मळला, भिजला अथवा चुरगळला, त्याला पाळी नाही.

येथे थोडे थांबावेसे वाटते. सॅनिटायझर मारून पकड गेलेला मास्क घालून आपण जेव्हा एखाद्या वृद्ध नातेवाइकाच्या भेटीला जातो, तेव्हा काय घडते? आपला चेहरा पाहून तो निश्चिंत होतो आणि आपल्याला जवळ बसवतो. मास्क नसता तर त्याने चार हात दूर बसवले असते. मदीनेच्या बाजारातील धान्याच्या राशीची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. प्रेषितांनी (स.) राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली. वरून धान्य कोरडे होते. विक्रेत्याने पावसाची सबब सांगितली. प्रेषितांनी विचारले की, मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही? आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. पाऊस पाडणे त्या विक्रेत्याच्या हाती नव्हते, हे प्रेषितांनी नाकारले नाही. दोष ओलीचा नव्हता, ती झाकण्याचा होता. अजाणतेपणी असा मास्क घालणाऱ्याला आम्ही फसवणारा म्हणत नाही. पण जाणल्यानंतर?

झडप असलेल्या एन-९५ मास्कविषयीही हेच. अशा मास्कमधून आत येणारी हवा गाळली जाते, त्या लहानशा गोल झडपेतून बाहेर जाणारी गाळली जात नाही. घालणारा सुरक्षित, समोरचा नाही. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२० च्या जुलैमध्ये राज्यांना पत्र लिहून असे मास्क सर्वसामान्यांनी वापरू नयेत असे कळवले. तरीही ते विकले जातात आणि चांगली, शिकलेली माणसे ते अभिमानाने घालतात. आपल्या भावासाठी तेच पसंत करावे जे स्वतःसाठी करतो, ही शिकवण ज्यांना लहानपणी मदरशात मिळाली, त्यांना या झडपेचा अर्थ अधिक सांगायला नको.

आता वुजूविषयी, कारण मास्क सर्वांत अधिक बिघडतो तो वुजूखान्यात. चेहरा धुणे फर्ज आहे, तेव्हा मास्क उतरावाच लागतो. मग तो ठेवला जातो हौदाच्या ओल्या कठड्यावर, नळाच्या तोटीवर, किंवा हनुवटीखाली ओढला जातो आणि दाढीच्या पाण्याने निथळतो. त्यानंतर ओल्या चेहऱ्यावर तोच चढवून माणूस सफेत उभा राहतो. याला उपाय साधा आहे. वुजू शक्यतो घरूनच करून निघावे. मशिदीत करावा लागलाच तर मास्क बंदांना धरून उतरावा, खिशातील कागदी पाकिटात ठेवावा, वुजू झाल्यावर स्वतःच्या रुमालाने चेहरा कोरडा करावा आणि मगच तो घालावा. वुजूनंतर चेहरा पुसल्याने सवाब कमी होतो, असे काही वडीलधारे मानतात. पुसण्याची मुभा आहे, याविषयी निःशंक असावे. नमाजमध्ये तोंड झाकणे एरवी नापसंत आहे. आजाराच्या भयाने मास्क ठेवण्यास बहुतेक उलेमांनी मोकळीक दिली आहे. कोणी वृद्ध गृहस्थ मास्क काढून सफेत उभे राहिले, तर त्यांना चारचौघांत टोकू नये. नमाजनंतर बाजूला घेऊन, सलाम करून, कानात सांगावे.

काही बंधू विचारतात की, मृत्यूची वेळ ठरलेली असताना ही उकळाउकळ कशासाठी? त्यांना हजरत उमर (रजि.) यांचे स्मरण द्यावे. ते सीरियाकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना साथीची वार्ता मिळाली आणि ते सोबत्यांसह परत फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून आपण पळता काय, असे विचारले गेले, तेव्हा अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. कुकरमधील दहा मिनिटेही त्याच वाटेवरची आहेत.

शेवटी टाकून द्यायच्या मास्कविषयी. २०२१ च्या एप्रिलमध्ये जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका गादी कारखान्यात कापसाऐवजी वापरलेले मास्क भरले जात असल्याचे पोलिसांना आढळले. आपण ती बातमी वाचून हळहळलो. परंतु ते मास्क आले कोठून? कोणीतरी ते अखंड आणि उघडे टाकले होते, म्हणूनच ते गोळा करता आले. रस्त्यावरचा काटा दूर करणे ही इमानची एक शाखा सांगितली आहे. मग रस्त्यावर मास्क टाकणे कशाची शाखा ठरेल, ते ज्याने त्याने पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० मधील सूचना अशी होती की, घरातील वापरलेला मास्क कागदी पिशवीत निदान ७२ तास वेगळा ठेवावा आणि टाकण्यापूर्वी कापावा, म्हणजे तो कोणी पुन्हा विकणार नाही. सकाळी आपल्या गल्लीतील कचरा उघड्या हातांनी वेगळा करणारी बाई येते. तिच्या हाती तो त्या ७२ तासांनंतरच जावा.

आमच्या घरी आता सहा माणसांचे बारा कापडी मास्क आहेत, प्रत्येकाच्या दोऱ्याचा रंग वेगळा. अब्बांचा हिरवा आहे. त्यांनी तो स्वतः निवडला आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. इशाच्या नमाजनंतर अम्मी सर्वांचे मास्क एका जुन्या पातेल्यात, जे स्वयंपाकाला वापरायचे नाही असे ठरले आहे, उकळायला ठेवतात. खुंटीवर मास्क नसतो. तेथे दोरीला बांधलेली एक कात्री असते, आणि तिच्याखाली तारीख लिहिलेली कागदी पिशवी.